नोंदवहीतली बुसरा, अंगणातली गावठी

१९८४ साली स्थापन झालेला, हरियाणात कर्नाल इथे असलेला राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो देशातल्या पाळीव जनावरांच्या जातींची अधिकृत नोंदवही ठेवतो. खिल्लार बैल, पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी शेळी यांना तिथे क्रमांक आहेत, तसे कोंबड्यांनाही आहेत. कोंबड्यांची मूळ यादी इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली. पहिली अंकलेश्वर, दुसरी असील, तिसरी बुसरा. सगळीकडे बोलबाला असलेला कडकनाथ खाली नवव्या जागी. असीलचं नाव झुंजींनी केलं, कडकनाथचं काळ्या मांसाने. बुसराच्या वाट्याला असं काही आलं नाही. तिच्यावर कोणी पैज लावत नाही आणि ढाब्याच्या पाटीवर तिचं नाव नसतं. पण तिच्या नोंदणी क्रमांकात दोन राज्यांचे संकेतांक जोडून आले आहेत, आणि त्यातलं एक राज्य महाराष्ट्र आहे.

तिचा मुलूख म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातला नवापूरचा भाग, धुळे जिल्ह्यातला साक्रीचा भाग आणि हद्दीपलीकडे जुन्या सुरत जिल्ह्यातला डोंगराळ पट्टा. सह्याद्री जिथे तापीच्या खोऱ्याकडे उतरू लागतो आणि उत्तरेला सातपुडा दिसू लागतो, ती ही भूमी. भिल्ल, मावची, गावित, कोकणा अशा आदिवासी समाजांची घरं, कुडाच्या भिंती, पुढे अंगण, मागे परसू आणि त्यापलीकडे शेत किंवा जंगल. इथल्या गावात कोंबडी पाळणं हा कोणाचा ‘व्यवसाय’ नसतो. चार-सहा माद्या आणि एखादा कोंबडा घरात असायचाच.

या मुलखावर सरकारी रेषा मागाहून उमटल्या. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि हद्द नवापूरजवळून गेली. ती इतकी जवळून, की नवापूर रेल्वे स्टेशनचा फलाट आज अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला. २००७ मध्ये पलीकडे सुरतेतून तापी जिल्हा निघाला. सोयरीक, आठवडी बाजार आणि देवाच्या जत्रा मात्र दोन्हीकडच्या एकच राहिल्या. लेकीच्या घरी जाताना डालग्यात घालून नेलेली तलंग कुठल्या राज्यातून कुठल्या राज्यात गेली, याची नोंद कोण ठेवणार? बुसराच्या क्रमांकातली दोन राज्यं ही त्या ये-जा करण्याची अधिकृत खूण आहे.

दिसायला ही कोंबडी लहान ते मध्यम बांध्याची, खोल छातीची, अंगावर पिसं बेताचीच. नजर सतत सावध. तुरा एकेरी, लाल. रंगात मोठी विविधता असली तरी एक ठेवण पुन्हापुन्हा दिसते: अंग बहुतेक पांढरं, मान, पाठ आणि शेपटीत काळी पिसं मिसळलेली आणि खांद्या-पंखांवर तांबूस तपकिरी छटा. पूर्ण वाढलेला कोंबडा सव्वा किलोच्या आसपास थांबतो, मादी त्याहून थोडी हलकी. पाच ते सात महिन्यांची झाली की ती अंड्यावर येते. वर्षाला ४० ते ५५ अंडी, एकेक अंडं २८ ते ३८ ग्रॅमचं.

पोल्ट्रीवाल्याला हे आकडे सांगितले तर तो हसेल. त्याच्या पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या वर अंडी देते आणि प्रत्येक अंडं पन्नास ग्रॅमच्या पुढे असतं. पण ती लेअर रोज शंभर ग्रॅमहून जास्त तयार खाद्य खाते, तिला दिवे लागतात, लसी लागतात, पाण्याची नळी लागते, आणि ती स्वतःच्या अंड्यावर बसत नाही. तिची पुढची पिढी हॅचरीतून विकत आणावी लागते. बुसराला यातलं काही नको. उकिरडा उकरून, वाळवी आणि किडे टिपून, खळ्यावर सांडलेले दाणे वेचून ती पोट भरते. रात्री खुराड्यात नाहीतर झाडावर बसते. दहा-बारा अंडी झाली की खुडूक होते, एकवीस दिवस रवणीला बसते आणि पिल्लं काढून पंखाखाली घेऊन हिंडते. घार दिसताच ती जो आवाज काढते, तो ऐकून पिल्लं जागच्या जागी दबून बसतात.

म्हणून या घरांत अंडी फारशी खाल्ली जात नाहीत, बसवली जातात. कोंबडी ही बाईची मिळकत असते. बाजाराच्या दिवशी दोन कोंबडे विकून आलेल्या पैशात तेल-मीठ येतं, पोराची वही येते. पाहुणा आला तर कोंबडं कापलं जातं. आणि देवाला लागतं ते वेगळंच. महाशिवरात्रीला सागबाऱ्याजवळ देवमोगऱ्याला याहामोगी मातेची जत्रा भरते, तिथे नंदुरबारकडचे आदिवासी मोठ्या संख्येने जातात. नव्या टोपलीत धान्य नेतात, मोहाची दारू नेतात आणि बकरा किंवा कोंबडा नेतात. कोणत्या पूजेला कोणत्या रंगाचा पक्षी हवा हे ठरलेलं असतं. रंगांची ती मागणी पुरी व्हायची तर गावात रंगही अनेक असावे लागतात.

कोंबडी कशी असावी हे लिहून ठेवायची हौस माणसाला फार जुनी. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त रत्नं, घोडे, हत्ती यांच्या लक्षणांबरोबर कुक्कुटलक्षणही दिलं आहे. चांगल्या कोंबड्याची पिसं आणि बोटं सरळ असावीत, चेहरा, नखं आणि तुरा तांब्यासारखा असावा, अंग पांढरं असावं आणि पहाटे त्याने गोड आरवावं. असा कोंबडा राजाला आणि राज्याला लाभतो, असं तो सांगतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकी वर्णन करताना कोंबड्यांच्या झुंजीलाही जागा दिली. पुढे असीलच्या शौकिनांनी पीला, याकूब, नूरी, कागर, जावा, टीकर असे रंगांनुसार प्रकार पाडले. त्यांची पारख तोंडी होती, पण कोणत्याही छापील मानकाइतकीच काटेकोर होती.

छापील मानक इंग्लंडातून आलं. १८४२ च्या सुमारास चीनकडच्या भल्या मोठ्या कोचीन कोंबड्या व्हिक्टोरिया राणीकडे पोचल्या आणि तिथल्या सरदार-सावकारांना कोंबड्यांचं वेड लागलं. १८४५ मध्ये लंडनच्या रिजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरलं. १८४९ च्या कायद्याने झुंजींवरचा बडगा आणखी कडक झाला, तशी झुंजीची हौस प्रदर्शनाकडे वळली. १८५२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज बर्नहॅम याने राणीला करड्या रंगाचे पक्षी भेट पाठवले. ब्रह्मपुत्रेच्या नावावरून त्या जातीला पुढे ‘ब्रह्मा’ म्हणू लागले. प्रदर्शन म्हटलं की बक्षीस आलं, बक्षीस म्हटलं की भांडण. कोणता पक्षी जास्त चांगला, हे ठरवायचं कशावरून? १८६५ मध्ये विल्यम टेगेटमायर याच्या संपादनाखाली प्रदर्शनी कोंबड्यांच्या मानकाचं पहिलं पुस्तक निघालं. अमेरिकेत १८७३ मध्ये पोल्ट्री असोसिएशन स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचंही मानक आलं. तुऱ्याला किती दाते, कानाची पाळी लाल की पांढरी, पायांचा रंग कोणता, कोणत्या दोषाला किती गुण वजा, सगळं त्यात होतं.

हाच टेगेटमायर चार्ल्स डार्विनला कबुतरं आणि कोंबड्यांची माहिती पुरवत होता. डार्विनला हिंदुस्थानातूनही मदत मिळत होती: कलकत्त्याहून एडवर्ड ब्लिथची पत्रं, मद्रासकडून वॉल्टर इलियटने पाठवलेले पक्ष्यांचे नमुने. १८६८ च्या ग्रंथात डार्विनने सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज म्हणून लाल रानकोंबड्याकडे बोट दाखवलं. २०२० मध्ये आठशेहून जास्त पक्ष्यांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्याने लाल रानकोंबड्याला दुजोरा दिला आणि माणसाळण्याची जागा आग्नेय आशियाच्या बाजूला ठेवली. मात्र २००८ च्या एका संशोधनात निघालं की कोंबड्यांच्या पायांचा नि कातडीचा पिवळा रंग लाल नव्हे, तर राखी रानकोंबड्याकडून आला आहे. राखी रानकोंबडा फक्त भारतात आढळतो, सह्याद्रीत आणि सातपुड्याच्या रानांतही. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत या डोंगरांचा थोडा वाटा आहे.

मानकाने कोंबड्यांचं भलं किती झालं, याचं उत्तर दोन्ही बाजूंनी देता येतं. मानक होतं म्हणून अनेक जुन्या जाती कारखानी पोल्ट्रीच्या काळातही हौशी लोकांच्या परसात टिकल्या. पण मानक अती झालं तिथे पक्षी खचला. काळ्या स्पॅनिश कोंबडीचं उदाहरण तिकडच्या पुस्तकांत नेहमी येतं. पांढरा चेहरा ही तिची खूण. परीक्षक मोठ्या पांढऱ्या चेहऱ्याला बक्षीस देऊ लागले, पाळणारे तेवढ्यावरच नर निवडू लागले. चेहरा पसरत गेला आणि एके काळची दणकट, भरपूर अंडी देणारी जात नाजूक झाली. जो गुण मोजला जातो तो वाढतो आणि जो मोजला जात नाही तो चोरपावलांनी निघून जातो, हे पशुपैदाशीतलं जुनं दुखणं आहे.

हिंदुस्थानातून गेलेला असील मात्र मानकातून पार कारखान्यात पोचला. कॉर्नवॉल परगण्यात असीलच्या रक्तातून ‘इंडियन गेम’ नावाची भरदार छातीची जात उभी राहिली. १८९३ मध्ये ती अमेरिकन मानकात शिरली आणि पुढे कॉर्निश म्हणून ओळखली गेली. १९४८ मध्ये अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ शोधायची राष्ट्रीय स्पर्धा झाली. जिंकला तो चार्ल्स व्हँट्रेस या कॅलिफोर्नियाच्या पैदासकाराचा कॉर्निश संकर. आजचा ब्रॉयलर त्याच वाटेने आला. कॉर्निश बापाची छाती आणि प्लायमाउथ रॉक आईची अंडी असा तो हिशेब आहे.

भारतात हा हिशेब साठच्या दशकात पोचला. मुंबईच्या आरे वसाहतीत केंद्र सरकारचं कुक्कुट पैदास केंद्र उभं राहिलं. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुणे हे देशाच्या पोल्ट्रीचं मोठं केंद्र झालं. एकदिवसीय पिल्लं, तयार खाद्य, लस आणि बाजारभाव यांची साखळी खानदेशात पसरली. सुरतेकडे जाणारा महामार्ग आणि गुजरातची बाजारपेठ हाताशी असल्याने नवापूर हे लेअर फार्मचं ठाणं बनलं. बुसराच्या माहेरी, तिच्या डोळ्यांदेखत, हजारो पांढऱ्या कोंबड्यांच्या शेड उभ्या राहिल्या.

मग २००६ उजाडलं. जानेवारीच्या शेवटापासून नवापुरात कोंबड्या मरू लागल्या. मालकांना आधी ही मानमोडीची साथ वाटली. खानदेशात मानमोडी म्हणतात तो राणीखेत रोग. कुमाऊंतल्या राणीखेतवरून त्याला १९२०च्या दशकात हे नाव पडलं, आणि पोल्ट्रीवाल्याच्या सवयीचा तो शत्रू. पण भोपाळच्या प्रयोगशाळेतून आलेला निकाल वेगळा होता. १८ फेब्रुवारी २००६ रोजी सरकारने जाहीर केलं, की नवापुरात बर्ड फ्लूचा एच-५-एन-१ विषाणू सापडला आहे. भारतातला हा पहिला उद्रेक. पांढऱ्या पोशाखातली पथकं उतरली, लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले गेले. देशभर चिकनचे भाव कोसळले आणि पुढाऱ्यांना जाहीरपणे चिकन खाऊन दाखवावं लागलं.

साथीच्या नियमात अंगण आणि शेड असा फरक नसतो. बाधित क्षेत्रातली प्रत्येक कोंबडी मारायची, मग ती विम्याची असो की बाईच्या डालग्यातली. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांची मोजदाद कागदावर होती. अंगणातल्या कोंबड्या झाडावर, छपरावर, शेतात. गेल्या त्या नुसत्याच ‘देशी’ म्हणून गेल्या, जातीच्या नावाने त्यांचा हिशेब झाला नाही. मार्चमध्ये साथ जळगाव जिल्ह्यात दिसली तेव्हा ती गावातल्या परसातल्या पक्ष्यांतही होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात तोच विषाणूंचा गट पुन्हा आला आणि पुन्हा लाखांनी पक्षी मारले गेले.

दुर्मीळ जातीच्या दृष्टीने यातला धडा साधा आहे. जी जात एकाच तालुक्यात आहे, ती एका साथीत संपू शकते. रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट ही ब्रिटनमधली संस्था १९७३ पासून आणि अमेरिकेतली तशीच संस्था १९७७ पासून जुन्या जाती वेगवेगळ्या ठिकाणी विखरून ठेवायचा आग्रह धरतात, तो याच भीतीपोटी. बुसराचं नशीब असं, की तिचा पट्टा साक्रीच्या डोंगरांत आणि हद्दीपलीकडेही आहे. नवापुरात हात आखडला तरी दुसरीकडून तलंगा येऊ शकतात. याचं श्रेय कुठल्याही योजनेला नाही. ते सोयरिकीला आणि आठवडी बाजाराला आहे.

योजनेतून येतो तो धोका वेगळा, आणि तो चांगल्या हेतूने येतो. बंगळूरच्या गिरिराजसारखे, हैदराबादच्या वनराजसारखे सुधारित पक्षी खास परसातल्या पाळणुकीसाठी तयार केले गेले. रंगीत, वजनदार, अंडी जास्त. राज्याच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात २५ तलंगा आणि ३ नर यांचा गट, नाहीतर एकदिवसीय शंभर पिल्लं पन्नास टक्के अनुदानावर मिळतात. ज्या घरात पोरांच्या ताटात अंडं नव्हतं तिथे त्यामुळे अंडं आलं, हे कोणी नाकारू नये. पण ते तीन नर गावभर हिंडतात. दुसऱ्या पिढीत पिल्लं मोठी निघतात, भाव बरा येतो, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत बाई म्हणू लागते की कोंबडी आता बसतच नाही. जास्त अंड्यांसाठी निवडलेल्या पक्ष्यांतून खुडूक होण्याचा गुण मुद्दाम काढलेला असतो. तो गेला की घरची हॅचरी गेली.

शेजारच्या कडकनाथची गोष्ट इथे उपयोगी पडते. नर्मदेपलीकडचे झाबुआ आणि अलिराजपूर हे त्याचे जिल्हे. भिल्ल-भिलाला घरांतला हा काळा कोंबडा नाहीसा होईल या धास्तीने १९७८ मध्ये झाबुआत सरकारी पैदास केंद्र निघालं. पुढे कृषी विज्ञान केंद्राने पैदास, लसीकरण आणि विक्री यांची घडी बसवली. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कडकनाथचं मानकही सुटसुटीत आहे. पूर्ण काळा, काळ्यावर रुपेरी रेघांचा आणि सोनेरी छटेचा असे तीन प्रकार, आणि तिन्हींत कातडी, मांस, हाडांवरचा पडदा काळपट.

नाव झाल्यावर पैसा आला आणि पैशामागून खोटा माल. काळेपणाचा मुख्य जनुक प्रबळ असल्यामुळे संकरातून निघालेली पिल्लंही बऱ्याचदा काळी दिसतात. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागात कडकनाथ पाळा, अंडी-पिल्लं आम्हीच चढ्या भावाने परत घेतो, अशा बोलीवर हजारो शेतकऱ्यांकडून पैसे घेतले गेले. साखळी तुटल्यावर कोंबड्या दारात राहिल्या, खाद्य संपलं आणि फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. जातीत दोष नव्हता. पण पैदाशीचा वेग मागणीवर नाही, तर नव्या गुंतवणूकदारांवर ठरू लागला की जात जपायचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हा बुसरा जपायची तर मानक काय असावं?

सोपी वाट अशी, की पांढऱ्या अंगाचे, काळ्या शेपटीचे आणि तांबूस खांद्यांचे पक्षी निवडायचे, बाकीचे बाजूला काढायचे. पाच-सात पिढ्यांत एकसारखा, छायाचित्रात शोभणारा कळप तयार होईल आणि प्रदर्शनात बक्षीसही मिळेल. पण कर्नालच्या नोंदीत बुसराचं जे वर्णन आहे ते प्रदर्शनाचं मानक नाही. गावोगावी पक्षी मोजून, तोलून, तुरा नि पाय बघून सरासरीने केलेलं ते वर्णन आहे. ‘रंगात मोठी विविधता’ हा त्या वर्णनाचाच भाग आहे. तो गाळून उरलेलं जे काही असेल, ते बुसराचं एक पान असेल. शिवाय देवाला लागणारे रंग गावातून गेले तर ज्यांनी ही कोंबडी आजवर राखली त्यांनाच ती नकोशी होईल.

जबाबदार पैदास करणाऱ्याने आधी बघायचं ते हे: मादी खुडूक होते का, किती पिल्लं काढते, त्यातली किती दोन महिन्यांची होतात, ती चरून पोट भरते का, घारीपासून पळते का. लहान अंडं हा इथे दोष नाही. सव्वा किलोचा कोंबडा हाही दोष नाही. या भागातल्या बाया रवणीला अंडी निवडताना हेच करत आल्या आहेत. जिची पिल्लं जगली तिची अंडी ठेवायची, जी अंडी फोडून खाते ती बाजारात धाडायची. त्यांचं मानक कागदावर नाही एवढंच.

नरांचा हिशेब मात्र कागदावर मांडावा लागतो. कळपात माद्या कितीही असल्या तरी नर थोडे असतील तर रक्त लवकर जवळ येतं. पशुपैदाशीत यासाठी परिणामकारक संख्या काढतात: नर आणि माद्या यांच्या गुणाकाराची चौपट, भागिले दोघांची बेरीज. शंभर माद्या आणि पाच नर असले तर उत्तर येतं १९. पन्नास माद्या आणि दहा नर असले तर ३३. पक्षी जवळजवळ निम्मे, तरी कळप आनुवंशिकदृष्ट्या मोठा. योजनेतल्या २५ माद्या आणि ३ नरांचं उत्तर जेमतेम ११. एका गावात हा गट कोंडून ठेवला तर दर पिढीला साडेचार टक्क्यांच्या वर अंतःप्रजनन वाढेल आणि काही वर्षांत अंडी पोकळ निघू लागतील. पण पाच गावांनी दरवर्षी आपापले नर पुढच्या गावाला दिले, तर तेच पक्षी खूप काळ पुरतील.

कोंबडे फिरवायची ही रीत इथे नवी नाही. जनावर अर्धलीने देणं खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. मादी एकाची, राखण दुसऱ्याची, पिल्लं निम्मी-निम्मी. आंध्रातल्या पूर्व गोदावरीच्या आदिवासी भागात अंथ्रा या महिला पशुवैद्यांनी उभ्या केलेल्या संस्थेने असील वाचवताना अशाच वाट्याच्या पद्धतीचा आधार घेतला. बाईला मादी द्यायची आणि परतफेड पैशाने न घेता पक्ष्यांनीच घ्यायची, ती पुढच्या बाईकडे जाते. नंदुरबारात कोळद्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, पंचायत समित्यांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. वाट्याची पद्धत बसवायला नवी इमारत लागत नाही. लागते ती एक वही, कोणत्या घरातला नर कोणत्या गावात गेला हे लिहायला.

दुसरी गरज मानमोडीच्या लसीची. १९४०च्या दशकात मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत या रोगावर तयार झालेला लसीचा वाण आजही देशात वापरात आहे. अडचण कुपीची आहे. त्यात शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रा असतात आणि औषध कालवलं की काही तासांत संपवावं लागतं. दहा कोंबड्यांची बाई ती एकटीने कशी घेणार? गावाने एक दिवस ठरवून सगळ्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात अडवल्या आणि पहाटे टोचून सोडल्या, तर एक कुपी एका पाड्याला पुरते. उन्हाळ्याआधी हे झालं तर बुसराचं मोठं नुकसान टळतं.

उरतो मोजणीचा प्रश्न. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींच्या वर कोंबड्या-बदकं भरली. त्यातली परसातली जवळपास ३२ कोटी, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून जास्त. परसातली कोंबडी देशात वाढते आहे, पण ती कोणती, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. एकविसावी गणना २५ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली. प्रगणकाच्या मोबाइलमध्ये कर्नालच्या नोंदवहीतल्या दोनशेहून अधिक जातींची यादी होती आणि त्यात बुसराही होती. दारात उभ्या प्रगणकाने विचारलं, कोंबड्या कोणत्या, तर घरातून उत्तर सहज येतं: गावठी. मग बोट खाली जातं, जात नसलेल्या पक्ष्यांच्या रकान्यावर. नवापूर आणि साक्रीच्या प्रगणकांना या कोंबडीची पांढरी-काळी-तांबूस ठेवण दाखवणारं एक छायाचित्र आणि पशुधन पर्यवेक्षकाचं अर्ध्या तासाचं मार्गदर्शन दिलं, तर पुढच्या गणनेत हा रकाना बदलू शकतो, आणि तलंगांच्या गटवाटपात गिरिराज-वनराजबरोबर बुसराचीही मागणी नोंदवायला जिल्ह्याच्या हातात आकडा असेल.